अक्काच्या माघारी वाचनालय

प्रिय अक्का,

जयभीम. आज दुपारी विहाराशेजारचं वाचनालय मी उघडलं आणि तुझ्या खुर्चीत बसले. तुला खरं वाटणार नाही. मलाच वाटत नव्हतं, म्हणून घरी आल्या आल्या तुला लिहायला घेतलं.

तू गेल्यापासून तिथं कुलूपच होतं. मी लातूरहून देगलूरला आले ती तुझं घर आवरायला. भांडीकुंडी वाटायची, लुगडी देऊन टाकायची आणि परत जायचं, एवढंच मनात होतं. तुझ्या औषधांच्या डब्या सापडल्या तेव्हा मात्र तुझा राग आला. दम लागत होता, तर फोनवर एकदा तरी का बोलली नाहीस? "मी मजेत हाय" म्हणायचीस आणि माझंच शिवणकाम कसं चाललंय ते विचारत बसायचीस.

नर्सच्या नोकरीतून मोकळी झाल्यावर तू आराम करशील असं मला वाटलं होतं. तू हे वाचनालय हाती घेतलंस. मी चार दिवस राहायला आले तरी तू तिथंच. तुझ्याशी बोलायचं तर मलाच तिथं येऊन बसावं लागायचं.

बांधकामावरच्या तेलुगू बाया दुपारी पंख्याखाली टेकायला यायच्या, आठवतं? त्यांच्यासाठी तू तेलुगू पेपर सुरू केलास. विहाराच्या समितीतलं कुणीतरी म्हणालं, "आपल्यात कोण वाचतंय तो?" तू म्हणालीस, "त्या वाचतेत की. त्यांनी काय नुस्तं भिंतीकडं बघत बसावं?"

गेल्या रविवारी वंदना झाल्यावर समितीची बैठक झाली. अध्यक्ष गौतममामा मनाचे वाईट नाहीत, हे तुला ठाऊक आहे. ते सरळच म्हणाले, "आता समदं मोबाईलवर हाय. पुस्तकं पेट्यांत भरून ठेवू, अन् खोली मांडवाच्या सामानाला घेऊ." बऱ्याच जणांनी माना हलवल्या. मलाही त्यात काही चुकीचं वाटलं नाही.

मग वाचनालयाचं ऐकून आलेली शबाना मागून उठली. पलीकडच्या गल्लीतली, नर्सिंगला जायचं म्हणून अभ्यास करणारी. तूच तिला खिडकीजवळ बसवायचीस ना?

"मामा, आमच्या घरात चांगला फोन एकच हाय," ती म्हणाली. "दिवसा अब्बाजवळ, रात्री भाईजवळ. तो हातात आला तरी बसू कुठं? घरात बसलं की कुणी चहा मागतंय, कुणी पाणी. इथं मला कुणी ऊठ म्हणत न्हाई."

मामा म्हणाले, "खरं हाय तुझं, पोरी. पण रोज बसणार कोण? अक्का तर गेली."

"मी बसते," मी म्हणाले. बोलून गेल्यावर माझं मलाच कळलं.

मामांना हसू आलं. "संगू, तुला कुठं वाचायचा नाद हाय?"

"नाद न्हाई. पण कुलूप तर काढता येतं. काजं-बटणं करत बसेन."

खोली अर्धीच राहिली, अक्का. मागच्या अर्ध्यात मांडवाचं सामान आलं, तिकडची कपाटं इकडच्या भिंतीला दाटीवाटीनं लावली. तुला ते आवडलं नसतं. तू असतीस तर पुरी खोली राखली असतीस का? मला एवढंच जमलं.

आज शबाना पहिली आली, तिनंच खिडक्या उघडल्या. थोड्या वेळानं कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या महानंदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मालकांना शुगर निघाली आहे. म्हणाल्या, "मोबाईलवर एकजण म्हणतोय भात सोडा, दुसरा म्हणतोय खावा. कुणाचं ऐकू, बाई?"

कुठलं पुस्तक द्यायचं मला काय ठाऊक! महानंदाबाई आणि मी कपाटं धुंडाळत बसलो. बऱ्याच वेळानं एका डॉक्टरनं लिहिलेलं, मोठ्या अक्षरांचं पातळ पुस्तक हाती लागलं. त्यांना भरभर वाचता येत नाही, मीच मोठ्यानं वाचलं. भाताचं आलं तिथं त्यांनी मला थांबवलं. "परत वाचा." मी परत वाचलं. मग ओळीखाली बोट धरून त्यांनी स्वतः एकेक शब्द लावला. शबाना वही मिटून ऐकत होती.

उठताना म्हणाल्या, "डॉक्टरला काय विचारायचं ते आता कळलं. बाकीचं उद्या वाचू."

उद्या! त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही.

लातूरची खोली मी सोडते आहे. तिथं माझी वाट बघणारं तरी कोण आहे? अक्का, तुझ्यासारखं मला येणार नाही. विचारलेलं पुस्तक सापडेलच असंही नाही. पण जे कुणी येईल, त्याच्याबरोबर बसून शोधीन, आणि सापडलं की लागेल तितक्यांदा वाचून दाखवीन. हा तुला माझा शब्द.

तुझी धाकटी,
संगू