पत्र्याखालच्या गोधड्या

ता. ४ एप्रिल, शुक्र.
वैशूच्या कॉलेजच्या मॅडमनी वही दिली. गटातल्या प्रत्येकाने रोज काय केलं ते लिहायचं. म्हटलं मी चौथी पास, मी कशाला गटात? तर म्हणतात, आजी, गोधडी तुम्हालाच येते, बाकी चौघांना नुसतं बोलता येतं. वही कोणी वाचणार नाही म्हणाल्या, म्हणून लिहिते.
चौघं चार वाटेचे. माझी नात वैशू कापडाची, खुशबू घरांचे नकाशे काढणारी, एक पोरगा रसायनवाला, एक पोरगी वायरिंगची. मॅडमनी मुद्दाम खिचडी केलीय. एकाचं दुसऱ्याला कळत नाही, दिवसभर भांडतात. हेच शिक्षण, म्हणतात मॅडम. मग आमच्या गल्लीत सगळे पदवीधरच.
बालवाडीचा पत्रा तापतो, पोरांना भोवळ येते. म्हणून फेकलेल्या चिंधीच्या गोधड्या शिवून पत्र्याखाली ताणून बांधायच्या. महिनाभर शिवतोय, आता थोड्याच राहिल्यात. अक्कल चांगली आहे, खोटं कशाला बोलू.

ता. ७, सोम.
बावीस झाल्या. सगळ्या टांगल्या. रसायनवाल्याने गारवा मोजला, खुशबू नाचली. बालवाडीची नंदा म्हणे, आजी, पोरं दुपारची झोपायला लागली. मी फुगले. शनिवारी कॉलेजचे मोठे साहेब बघायला येणार, चौघांचे मार्क त्यावर.

ता. ८, मंगळ.
उरलेल्या चिंधीचं पायपुसणं करत होते. एक दशी लोंबत होती, सहज काडी लावली. कॉटनची राख होते. ही वितळली. काळा मणी झाला, बोटाला चिकटला. पोलिस्टर. दुसरी दशी, राख. तिसरी, मणी.
पहिलं पोतं चादरीवाल्याकडचं, त्यातली दशी मी जाळून बघितली होती. दुसरं घाईत आलं. वैशू म्हणे तिथलंच आहे, आजी. मीच ते पहिल्यावर ओतलं. कोणत्या गोधडीत काय गेलं, आता देवाला ठाऊक. पांडेसऱ्याच्या कपड्याच्या कारखान्यात तीस वर्षं धागा कटिंग केलं मी, आणि दशी जाळली नाही.
जाऊबाई डोळ्यापुढून जात नाही. स्टोव्ह, अंगावर पोलिस्टरची साडी. साडी सोडवायला गेलो तर
पुढं लिहीत नाही.
गोधड्यांमधून पंख्याची वायर गेलीय. खाली अठरा पोरं.

ता. ९, बुध.
वैशूला दशी जाळून दाखवली. तोंड पांढरं पडलं. तिला वाटलेलं रसायनवाल्याने तपासलं. तो म्हणाला मी उष्णता बघतो, कापड तुझं. खुशबूला वाटलं आजींनी बघितलं असेल. आजीला वाटलं एवढी शिकलेली पोरं.
वैशू म्हणाली, "आजी, शनिवारपर्यंत गप्प रहा ना. शनिवार गेला की पछी आपण सगळं उतरवू."
म्हटलं, "आगीला कोण सांगणार, शनिवारपर्यंत थांब म्हणून? तू?"
जेवली नाही. मलाही गेलं नाही.

ता. १०, गुरु.
नंदाला म्हटलं पोरं ओट्यावर बसव, विजेचं मेन बटण बंद कर. ती म्हणे, बाहेर झळा, आत तुमच्याच हाताचा गारवा, असं काय करता? खरं सांगायला तोंड उघडलं आणि म्हटलं, गोधडीत विंचू दिसला. एका मिनिटात सगळी पोरं बाहेर. विंचवाला भितात, मार्कांना भितात, वायरला कोणी भीत नाही.
मी दारात पाण्याची बादली घेऊन बसले. एक पोर विचारतं, आजी, विंचू पाणी पितो? म्हटलं हो.

ता. ११, शुक्र.
मॅडम आल्या. नंदाने विंचवाचं सांगितलं, त्या हसल्या. उद्या पोरं आत बसून गाणं म्हणणार, साहेबांना गारवा दाखवायला पंखे लावणार. वर शोभेला दिव्यांची माळ, नेमकी गोधड्यांवरून. मॅडम म्हणाल्या, आजी, उद्या तुम्ही दोन शब्द बोला.
तेव्हाच सांगणार होते. मागं वैशू, ओढणीचं टोक चावत उभी. जीभच वळली नाही. माझी जीभ. गल्लीला कळलं तर हसून मरतील. मॅडम गेल्यावर कितीदा तरी उठून दारापर्यंत गेले, परत आले.

ता. १२, शनि., सकाळ
पाय गार पडलेत, बाहेर एवढा उकाडा असून. चांगलं लुगडं नेसले, कॉटनचं. उरलेल्या चिंधीच्या चार दश्या रुमालात बांधल्या, काडेपेटी कनवटीला.
वैशू विचारते, "काय बोलशील?"
"बोलू कशाला? सगळ्यात आधी पोरांना बाहेर काढायला लावीन. मग दश्या जाळून दाखवीन."
ती जवळ आली. मग माझ्या कनवटीची काडेपेटी काढून घेतली. मला वाटलं, गेली आता. तिने कानाजवळ धरून हलवून बघितली, काड्या आहेत का. माझ्या हातात परत दिली आणि चपला घालायला लागली.
नंदा हाका मारतेय. जाते.