वानखडे सरांचा धूमकेतू

रविवार, संध्याकाळ. कारंजा.

मला शिकवणाऱ्या वानखडे सरांना धूमकेतू सापडला म्हणून आज शाळेत सत्कार झाला. रिटायर झाल्यापासून रोज पहाटे दुर्बीण घेऊन गच्चीवर असतात बिचारे. शाल, नारळ, टाळ्या. मग मी माइक घेतला. म्हटलं, हा धूमकेतू परदेशातल्या एका पहाडावरच्या रोबो-दुर्बिणीनं महिन्याआधीच टिपलाय, त्याला नावही मिळालंय. सरांनी नारळ हळूच टेबलावर ठेवला. पोरं हसली.

बाहेर सर म्हणाले, "बरं झालं, पेपरात जायच्या आधी सांगतलं. तुले कवा समजलं?"

"आत्ताच, सर."

साफ खोटं. सकाळीच नेटवर वाचलं होतं. फोन हातातच होता. काहून नाही लावला सरांना?

मला आधी तो नारळ त्यांच्या हातात पाहायचा होता. मग टेबलावर.