पानाखालचा कचरा

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९
आजपासून आपल्या टॉवेल कारखान्याची जुनी विकी नव्या प्लॅटफॉर्मवर. कुठला रंग कसा करायचा, कुठलं मशीन कसं धुवायचं, सगळी पानं नऊ वर्षांपूर्वी मीच लिहिलेली. शनिवारी मालक शिवराजशेठ ठरवणार, सिस्टिम हेड मी की पुण्याची एजन्सी. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

दुपारी ४
प्रत्येक पानाखाली कॉमेंट्स. एकूण २१२. पान बदलायची परवानगी सगळ्यांना आहे, पण साहेबांनी लिहिलेलं खोडणार कोण? म्हणून लोक खाली लिहितात. आदर म्हणतात तो हाच. वाचायला वेळ नाही. एकही कॉमेंट नेली नाही. पानं कशी स्वच्छ दिसतायत!

४ नोव्हेंबर
लॅबच्या मेहनाजने विचारलं, खालचं आलं का. म्हटलं, नव्या घरात कचरा नेत नाहीत. लगेच लॅबकडे वळली. पटलं असावं.
जुना सर्व्हर पुसून टाकला. अर्धवट काम मला जमत नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार. ११.१०
डाईंगचे रज्जाकभाई भाचीच्या लग्नाला अकलूजला. त्यांच्या जागी नवा सोमलिंग. एक्सपोर्टचा निळा लॉट आजच लावायचाय, कंटेनर शनिवारी. सोमलिंगला टॅब दिला, म्हटलं अक्षरन् अक्षर पाळ. शेठ बघत होते. माझा डेमोच झाला.

३.४०
लॉट निघाला. डागच डाग. सोमलिंग म्हणतो, तुमी लिवलंय तसंच केलं की साहेब. पाण्याचा दोष असणार.

४.१५
रज्जाकभाईंना फोन. मागे बँड. म्हणाले, रंगात मीठ एकदम कुणी टाकायला सांगितलं? आपल्या बोअरच्या पाण्याला दोनदा टाकावं लागतं, खाली लिवलंय की! म्हटलं, खाली आता काही नाही. पुढचं बँडमध्ये ऐकू आलं नाही.
कंटेनर चुकला तर हेड सोडाच, नोकरीही जाईल.

७ नोव्हेंबर
देव आहे! लॅबमध्ये नेट सारखं जातं म्हणून मेहनाजने सगळी पानं कॉमेंट्ससकट प्रिंट करून फाईल केलेली. मंगळवारीच का नाही बोललीस, विचारलं. तर म्हणे, साहेबांना कसं सांगायचं?
दुसरा लॉट लावला. रंग पास. मी वेळेवर फोन केला म्हणून.

८ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी
कंटेनर गेला. आता फाईल टाईप करतोय, म्हणजे पहिल्यांदाच वाचतोय. "साहेबांचं बरोबरच हाय, पण मीठ दोनदा." "साहेबांचं राहू द्या, मशीन आधी गरम पाण्यानं धुवा." २१२ मध्ये एकही नुसतं "छान" नाही. एकही.

संध्याकाळी ५.३०
एजन्सी नको, शेठ म्हणाले. विकी मेहनाज बघेल, मी तिला टायपिंगला मदत करायची.
पानं लई लांबली, अर्धी करा, असंही म्हणाले. कुठलं काढू, मी विचारलं. मेहनाज खाली मान घालून म्हणाली, वरचं काढलं तरी चालेल, साहेब.
शेठनी लगेच मान डोलावली.
तासाभरात वरचं सगळं काढलं. कुणाचं काही अडलं नाही.