पायाला कळतं ते

अलिबाग, १८ नोव्हेंबर २०२४

ती. दयारामकाका यांस,
प्राप्तीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि काकी अर्धं गाळून सांगते, म्हणून पत्र. कॉलेजात मी अजून तासिका तत्त्वावरच आहे. यंदा एक नवा अभ्यासक्रम आखलाय. विज्ञान, कला, वाणिज्य, तिन्हीकडची मुलं एकत्र आणि वर्ग आपल्या मिठागरात. वाफ्याची जमीन अनवाणी तुडवून पक्की करायची, मग प्रत्येक गटानं आपल्या अकलेनं स्वतःचा छोटा वाफा बांधायचा. नवं काही सुचायला हातापायांना काम लागतं, नुसत्या वहीतून सुचत नाही, असं माझं म्हणणं.

कॉलेजच्या अभ्यासक्रम समितीच्या हेतल मॅडमना ते पटत नाही. मुलांच्या पायाला काय कळलं हे शिकवणाऱ्याला कसं कळणार, गुण कशाचे देणार, असं त्या विचारतात. अकरा जानेवारीला त्या स्वतः मिठागरात येणार आहेत. त्यांनी नाही म्हटलं तर जूनपासून मी घरी. तेव्हा जमीन तयार झाली हे तुमचा पाय कशावरून ओळखतो, ते चार ओळींत लिहून पाठवा. शिकवायचं तुम्हालाच आहे, मला दुसरं कोण आहे?

काकीला नमस्कार. तुमचा हात डोक्यावर राहू द्या.
तुमची प्राप्ती


खारवाडी, २७ नोव्हेंबर

चि. प्राप्तीस दयारामचे अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. कॉलेजची पोरं चिखल तुडवायला फी भरणार हे ऐकून तुझी काकी हसून हसून बेजार झाली. आमच्या बापानं फुकट तुडवून घेतला. शिकवायला मी हाय, काळजी करू नको.

पण तू लिहून मागतेस ते न्हाय जमायचं. पायाचं पायाला ठाऊक, ते कागदावर उतरत न्हाय. बाप मला काय सांगायचा न्हाय, चुकलं की पोटरीवर काठी बसायची. मी जीवनला तसाच शिकवला. आता तोच माझा लेक बंदरात ट्रेलर चालवतो, मिठागराकडं ढुंकून बघत न्हाय, ती गोष्ट येगळी. गेल्या साली आपले दोन वाफे गळले, मीठ काळं निघालं, ते नव्या गड्यांमुळं. मॅडमसमोर मला प्रश्न विचारत बसू नको. मी तुडवून दाखवीन, पोरांनी बघावं.

जेवणखाण येळेवर कर. आठवण ठेव.
दयाराम


अलिबाग, ९ डिसेंबर

ती. काका यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचा जुना व्हिडिओ बघून मी तुमच्या पावलांना नंबर दिले आणि कॉलेजच्या मैदानात पाणी सोडून मुलांना तुडवायला लावलं. कवायत झाली नुसती. वाणिज्य शाखेची राही नावाची मुलगी आहे, तिनं विचारलं की झालं हे ओळखायचं कसं. सगळ्यांसमोर लाजेनं मान खाली गेली माझी.

पन्नास वर्षं तुम्ही हे काम केलंत आणि मला चार ओळी देत नाही? माझ्यावर राग असेल तर तसं सांगा. अकरा तारीख जवळ आली, जेवण जात नाही.

उत्तराची वाट बघते. माया पातळ होऊ देऊ नका.
प्राप्ती


खारवाडी, १७ डिसेंबर

चि. प्राप्तीस सखुबाईचे आशीर्वाद.

हे शेजारच्या प्रणालीकडून लिहून घेते हाय. तुझ्या काकाला सांगू नको. बाय, ते तुला लिहून देत न्हाईत कारण त्यांच्या पायाला आता कायच कळत न्हाय. साखरेनं पावलं मेलीत, वरीस होऊन गेलं. गेल्या साली वाफे गळले ते गड्यांमुळं न्हाय. पाय कधीचे सांगायचे बंद झालेले, हे आपले सवयीनं तुडवत राहिले.

परवा कालवाचं शिंपलं टाचेत घुसलं तरी घरापर्यंत चालत आले. ओटीवर रगत बघून मी किंचाळले तेव्हा त्यांना समजलं. डॉक्टरनं अनवाणी जायला साफ बंदी केली हाय. पण मिठागरात चप्पल घालून कोण उतरतं? तुझ्यासाठी ते अकरा तारखेला उतरणारच. त्यांची समजूत तूच घाल. माझं चालत न्हाय.

सुखी रहा.
तुझी काकी


अलिबाग, २१ डिसेंबर

ती. काका यांस,
शि. सा. न. वि. वि.

मला सगळं कळलंय. कुणाकडून ते विचारू नका, आणि काकीवर ओरडू तर मुळीच नका. मी मूर्ख, महिनाभर नेमकं तेच मागत राहिले जे तुमच्याकडे उरलं नव्हतं. माफ करा.

वाफ्यात तुम्ही पाय ठेवायचा नाही. ठेवलात तर मी अभ्यासक्रम त्याच दिवशी मागे घेईन, शपथ. यायचंच असेल तर बूट घालून बांधावर खुर्चीत बसा. पुढं काय होईल ते होवो, मला झोप नाही.

रागावलात तरी चालेल, पण ऐका.
प्राप्ती


खारवाडी, २० जानेवारी २०२५

चि. प्राप्तीस अनेक आशीर्वाद.

मॅडमनी वर्षापुरता होकार दिला हे वाचून काकीनं देवापुढं नारळ फोडला. त्या दिवशी तू होतीसच, पण माझ्या मनात काय चाललं होतं ते तुला ठाऊक न्हाय.

आजवर बूट घालून मिठागरात कोण बसला न्हाय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पोरं तुडवत होती आणि मला कायच कळत नव्हतं. शेवटी इलाज न्हाय म्हणून त्या राहीला विचारलं, पोरी, तुला काय लागतंय. ती म्हणाली की डाव्या टाचेखाली गार येतंय, उजव्याखाली न्हाय. मी म्हटलं खण तिथं. खेकड्याचं बीळ निघालं. मग मी एकेकाला विचारत सुटलो. कोण म्हणे पिठासारखं लागतं, कोण म्हणे टाच आता रुतत न्हाय. पन्नास वर्षं मला जे ठाऊक होतं ते पहिल्यांदा कानानं ऐकलं. बीळ बुजवायला त्यांनी नारळाच्या सोडणांचा काथ्या मातीत कालवला, तसं आमच्यात कोण करत न्हाय, पण पाणी थांबलं. मॅडम वहीत लिहीत होत्या. मी मात्र घाबरलेलो, कारण माझं बिंग फुटलं होतं.

काल जीवन आला होता. त्याला म्हटलं, चल, जरा वाफ्यात उभा रहा. चाळीशीचा बाप्या, पण माझी काठी आठवून मुकाट उतरला. मी त्याला विचारलं की तुझ्या पायाला काय लागतंय. तो म्हणाला, बाबा, ल्हानपणी भेगांत खार जाऊन पाय जळायचे, रात रात झोप यायची न्हाय, आणि तुम्ही कधी विचारलं न्हाय.

मी बांधावर बसून होतो. तो वर आला न्हाय, तुडवत राहिला.

सवड काढून ये.
दयाराम