लहान स्टुडिओचा लाल दिवा

शनिवार, ३ ऑक्टोबर १९८७

आज दुपारी अडीच वाजता इस्पितळाच्या रेडिओवरून, झाडून साऱ्या वॉर्डांना ऐकू जाईल अशा बेताने, माझी ओळख 'आपल्या नव्या विनीबाई' अशी करून देण्यात आली. माझं नाव मिस विनिफ्रेड टनस्टॉल आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी उभी हयात मुलींना वळण लावण्यात घालवली; त्यांतल्या एकीचीही मला विनी म्हणण्याची छाती झाली नव्हती.

एवढं सोडलं तर दिवस झकास गेला. या गावात येऊन महिना झाला, आणि समुद्रावरच्या वाऱ्याशी भांडण्यापलीकडे मला काही उद्योग नव्हता. रेडिओ तळघरात आहे, धोबीखान्याला लागून. भिंतींना अंड्यांचे कागदी ट्रे चिकटवलेत, म्हणजे आवाज घुमत नाही. सगळं काम हौशी माणसांचं, बिनपगारी. अध्यक्ष सिरिल ऑर्मरॉड. गॅस कंपनीतून निवृत्त, कोपरांवर चामड्याचे तुकडे लावलेला स्वेटर, बोलणं लोण्यासारखं. विनीबाई हे त्यांचंच पाप. डोरीन हॅस्लम वॉर्डांतून फिरून कुणाला कुठलं गाणं हवं ते विचारून येते. मी चार गाणी लावली आणि ज्यांच्यासाठी लावली त्यांची नावं वाचली. शब्दाचं शेपूट गिळायचं नाही, हे शाळेत सिस्टर इग्नेशियसनी पट्टी मारून शिकवलं होतं. ते आज सार्थकी लागलं.

आत आणखी एक लहान स्टुडिओ आहे. दार बंद, वर प्रक्षेपण चालू असल्याचा लाल दिवा. वायरिंग बिघडलंय, दिवा विझतच नाही, असं सिरिल म्हणाले. गॅसवाल्याला विजेचं काय कळणार.

शनिवार, १० ऑक्टोबर

डोरीनबरोबर वॉर्डांत गेले. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या मिसेस क्लेग कानाला हेडफोन लावून विणत बसल्या होत्या. माझा आवाज बरा आहे म्हणाल्या. "पण लेनर्डची सर नाही हो. तो आठवडाभर सोबत करतो. कालच मला विचारत होता, टाके दुखतात का. तुम्ही आपल्या शनिवारच्या पाहुण्या."

बाहेर आल्यावर डोरीनने सांगितलं, लेनर्ड पिम गेल्या वर्षी निधीसाठी माईकवर सलग बोलायच्या मॅरेथॉनला बसले होते, मग बहिणीकडे कॅनडाला गेले. आठवड्यात त्यांच्या जुन्या टेपा लावतात. मग कालच त्यांनी मिसेस क्लेगना टाके दुखतात का म्हणून कसं विचारलं, असं मी म्हटलं. डोरीनला एकाएकी लिफ्ट गाठायची घाई झाली.

बुधवार, १४ ऑक्टोबर

कमिटीची सभा, नर्सेसच्या जेवणघरात. पैसे हवेत. यंत्रं म्हातारी झालीत, आणि दुकानासमोर देणगीचे डबे खुळखुळवून यंदा त्यांत नाण्यांपेक्षा शर्टाची बटणंच जास्त पडली. म्हणून पुन्हा मॅरेथॉन. एका माणसाने लहान स्टुडिओत बसायचं, गावाने त्याच्या एकेका तासाला देणगी द्यायची. शनिवारी दुपारी बारापासून रविवारी बारापर्यंत.

कोण बसणार, असं सिरिलनी विचारलं, आणि सगळे आपापल्या चहाच्या कपात बघायला लागले. आपल्याकडे ही जुनीच रीत आहे. कुणी नाही म्हणत नाही, कुणी हो म्हणत नाही. साखर न घेणारा खजिनदारसुद्धा चमचा फिरवत बसला. असली शांतता मला सोसत नाही. मी म्हटलं, ठीक आहे, मी बसते.

साऱ्यांनी एकदमच श्वास सोडला. इतका मोठा, की मीच दचकले.

एकच नियम, सिरिल म्हणाले. रेडिओ गप्प झाला की खाटेवरची माणसं घाबरतात. म्हणून बसणाऱ्याने पुढच्याचं नाव माईकवर घेऊन सूत्रं सोपवायची. त्याशिवाय उठायचं नाही. एक्स्चेंजमध्ये पाळी बदलताना आमचाही हाच नियम होता. मला पटला.

शनिवार, १७ ऑक्टोबर

बाराच्या ठोक्याला लहान स्टुडिओच्या दाराशी उभी राहिले. स्पीकरवर पुरुषाचा दमलेला आवाज आला, "आता सूत्रं मिस विनिफ्रेड टनस्टॉल यांच्याकडे." निदान कुणाला तरी माझं नाव धड घेता आलं.

दार उघडलं. पायात सपाता, दाढी छातीपर्यंत वाढलेली, असा एक काटकुळा माणूस माझ्या अंगाला घासून बाहेर पडला. "माफ करा हं, माफ करा," एवढंच बोलला आणि जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या ओलांडत पळाला. वाट चुकलेला रुग्ण असावा. सिरिलनी थर्मास दिला, डोरीनने केक.

खोली कोंदट आहे. खुर्चीच्या हातांवरचं कापड पार झिजून गेलंय. पण काम छान चाललंय. बेकरीवाला, बोलिंग क्लब, फादर डॉलन, सगळ्यांनी तास घेतलेत.

रविवार, १८ ऑक्टोबर

बारा वाजले. सिरिल काचेपलीकडे आले. बोलिंग क्लबने आणखी एक तास घेतलाय म्हणाले. धर्मकार्याला नाही कसं म्हणायचं. मग बेकरीवाल्याने दोन घेतले. मग पुरुषांच्या वॉर्डाने वर्गणी काढली. दरवेळी ताजा चहा, दरवेळी "एवढाच हं, विनीबाई."

सोमवार

काल घरी गेले नाही. झोप नाही, भूकही नाही. याचंच नवल वाटतं. मिसेस क्लेगचा निरोप आला: आता तुम्ही लेनर्डइतक्याच छान वाटता.

लेनर्ड.

ती दाढी. सपाता. कॅनडाहून कुणी सपाता घालून येत नाही. आणि माझं पूर्ण नाव त्याला—

सिरिलना बोलावून तोंडावर विचारलं. त्यांनी नजर चुकवली नाही, हेच जास्त वाईट.

"वर्षभर बसला बिचारा, एका शब्दाने तक्रार केली नाही," ते म्हणाले. "कुणीतरी बसायलाच हवं ना, विनीबाई."

मंगळवार, बहुधा

दाराला कुलूप नाही. लांबलचक रेकॉर्ड लावली, पर्स घेतली, निघाले. धोबीखाना ओलांडला. जिना चढले. वर बाहेरचं दार असतं. ढकललं.

अंड्यांचे ट्रे. खुर्ची. माईक. रेकॉर्ड संपत आलेली.

पुन्हा गेले. दुसऱ्या जिन्याने. पुन्हा खुर्ची.

मग सुई उचलली आणि मुद्दाम गप्प बसले. स्पीकरमधून माझा आवाज बोलतच राहिला. शब्दाचं शेपूट न गिळता. मिसेस क्लेगना विचारत होता, टाके दुखतात का.

वार माहीत नाही

घसा दुखत नाही. नखं वाढलीत. जपमाळ म्हणायला घेतली तर तीही वॉर्डांत ऐकू गेली— डोरीन म्हणते, लोकांना आवडली, उद्याही म्हणा—

नंतर

काचेपलीकडे डोरीन आणि एक हसऱ्या चेहऱ्याची बाई. नवीन आहे, पॉलीन शॉ, नवरा गेल्यावर मुलीजवळ राहायला आली. डोरीनने तिचं नाव दोनदा सांगितलं, सावकाश, पाठ करून घेतल्यासारखं. मग माझ्याकडे बघत राहिली.

पॉलीनने मला हात केला. म्हणाली, "तुमचा आवाज ऐकूनच आले हो मी."

नाव जिभेवर आलं होतं. एवढंच करायचं आहे. नाव, आणि सूत्रं सोपवली. मग जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या— माफ करा, माफ करा—

मी रेकॉर्ड बदलली. तिला काचेतून हातानेच जा म्हटलं. हात उगारला तेव्हा गेली. डोरीन रडत होती. रडू दे.

शेवटचं

याची नक्कल दुसऱ्या पानावर काढून दाराखालून सरकवत आहे. कमिटीने वाचावं.

ऑर्मरॉड, तुम्ही मला फसवून इथे बसवलंत. पॉलीन शॉला मी बसवणार नाही. या खोलीत इथून पुढे कुणालाही आणणार नाही आणि मला इथून सोडवणार, हे लेखी हवं. खाली तुमची सही. आज दुपारी चारच्या आत. तोंडी निरोप, चहा, केक चालणार नाही.

चार वाजेपर्यंत लेखी उत्तर आलं नाही, तर मी नियमानेच वागेन. पुढचं नाव माईकवर घेईन. तुमचं पूर्ण नाव मला ठाऊक आहे—

चहा ठेवलाय दाराशी. कागद नाही. चार वाजायला आलेत. रेकॉर्डची शेवटची ओळ चालू आहे. मी माईक जवळ ओढला आहे. आता सूत्रं मिस्टर सिरिल—