दोनशेपासून सुरू झालेले खांब

ती. ताईस,
वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात वाकलो असं समज.) तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा खोकला गेला का? आईचा बिनसाखरेचा चहा अजून चालूच आहे ना? त्याबद्दल शेवटी लिहितो. आधी माझा पराक्रम ऐक.

आमच्या वाचनालयाच्या अहवालासाठी आलेख काढायचं काम यंदा माझ्याकडे आलं. (आलं कसलं, मीच हात वर केला.) सकाळच्या पाळीला गेल्या वर्षी रोज सरासरी दोनशे बारा माणसं यायची, यंदा दोनशे सहा. शून्यापासून खांब काढले तर दोन्ही सारखेच दिसत होते, शिवाय पान पुरेना. मग मी उभी पट्टी सरळ दोनशेपासून सुरू केली. एक खांब बाराचा, दुसरा सहाचा. निळा रंग, मागे सावली. इतका देखणा झाला की मी दोनदा लांब जाऊन पाहून आलो. आकडे होते, पण बारीक अक्षरात. ते कोण वाचतो?

बैठकीत अध्यक्षांनी खांबच पाहिले. "वाचक निम्म्यावर आले? मग सकाळची पाळी हवी कशाला?" लगेच ठराव लिहायला घेतला. सकाळची पाळी म्हणजे आमच्या चष्मेवाल्या बाई. एकोणीस वर्षं त्या सात वाजता कुलूप काढतात आणि दाराशी बसून येणाऱ्या प्रत्येकासाठी वहीत एक रेघ ओढतात. त्यांनी आलेख हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि मला म्हणाल्या, "अहो, माणसं मी अख्खी मोजली होती. तुम्ही त्यांचे पाय कुठे ठेवलेत?"

ताई, आकडा एकही खोटा नव्हता. पण सहा माणसं कमी झाली हे सांगताना मी शंभरेक घालवली. मग खोटं कोण बोललं, पट्टी की मी? (रात्री डायरीत दोन पानं खर्ची घातल्यावर 'मी' असं ठरलं.) बैठकीत मात्र तिथल्या तिथे चूक कबूल केली आणि फळ्यावर शून्यापासून खांब काढून दाखवले. अध्यक्ष फळ्याजवळ येऊन म्हणाले, "हे तर सारखेच आहेत! मग तासभर आपण बोलतोय कशाबद्दल?" ठराव फाटला, चहा आला आणि बाईंनी स्वतःच्या डब्यातलं एक बिस्किट मला दिलं. इतकं हलकं बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

तुझा,
धाकटा

ता. क. : गेल्या महिन्यात आईच्या वजनाचा जो आलेख मी तुला पाठवला आणि जो बघून तू तिची साखर तोडलीस, त्याची पट्टी साठ किलोपासून सुरू होती. आई एकसष्टची बासष्ट झाली आहे, दुप्पट नाही. तिच्या चहात साखर घाल.

आणखी एक : आईला हे काल फोनवर सांगितलं. ती म्हणाली, साखरेचा चहा ती महिनाभर शेजारी जाऊन पितेच आहे. (हे वाक्य कापणार होतो, पण कापणं मी आता सोडलं आहे.)