सात नंबरची भिंत

प्रिय सुनू,

हळद शिजवून झाली. अंगणभर वाळत घातली आहे आणि शेळ्या हाकलून हाकलून तुझी आई बेजार. घरावर नवा स्लॅब टाकला, तोही मी काठीने ठोकून पाहिला. आई म्हणते, खाण सुटली पण खोड सुटली नाही. खरंच आहे. चोवीस वर्षं मी कोळशाच्या खाणीत सरदार होतो. माझ्या काठीने छत ठोकून पाहिल्याशिवाय पाळीतल्या माणसाने आत पाऊल टाकायचं नाही. भरीव आवाज आला तर जा, पोकळ आला तर मागे फिरा. तीच काठी तू लहानपणी घोडा करून तांडाभर पळवायचीस, आणि आता त्याच खाणीत मोजणीची साहेबीण झालीस. औंढ्याच्या बाजारात मी हे मुद्दाम मोठ्याने सांगतो.

परवा फोनवर केवढी हरखली होतीस. "बा, जुन्या नकाशावर तुमची सही घावली! सगळ्यायला दाखवली, माझ्या बाची हाय म्हून." मग सहज म्हणालीस, नवं खोदकाम सात नंबरच्या भिंतीकडे चाललंय, सोमवारी तू स्वतः अंतर मोजायला उतरणार, आणि भर उन्हाळ्यात ती भिंत काहून ओली, कळत नाही. मी हळदीचंच बोलत राहिलो.

सरकारचा कायदा तुला मी काय शिकवणार? कोळसा काढलेली पोकळी वाळूने भरायची, म्हणजे छतही टिकतं आणि बाजूचा उरलेला कोळसाही वाया जात नाही. सात नंबरची पोकळी भरायचं काम तुझ्या मामाकडे, भावसिंगकडे होतं. त्या वर्षी वाळू कमी आली. तो म्हणाला, "दाजी, भरून झालं. करा सही." पुढची भिंत बांधलेली होती. मी काठी ठोकली. आवाज पोकळ आला, सुनू. पण आपल्या तांड्यात मेव्हण्याच्या शब्दाला पुरावा मागत नाहीत; मागितला तर सोयरीक तुटते. सात नंबर भरलं म्हणून मी नकाशावर सही केली. दिवाळीनंतर भरू म्हणाला, ती दिवाळी काही आली नाही. आता तो राहिला नाही, आणि तुझ्या आईसमोर त्याचं नाव घ्यायला जीभ उचलत नाही. म्हणून फोनवर हळदीचंच बोललो. चूक त्याची अर्धी, माझी पुरी.

त्या भिंतीमागे वाळू नाही. एकोणीस पावसाळ्यांचं पाणी आहे. सोमवारी उतरू नकोस, कोणाला उतरू देऊ नकोस. तोंडी सांगितलं तर म्हाताऱ्याची बडबड म्हणून सोडून देतील, म्हणून हे लिहून, सही करून रूपसिंग काकाच्या हाती आजच्याच बसने पाठवतोय. खाण तपासणाऱ्या सरकारी साहेबांना आधी दाखव. मला नेतील तर नेऊ देत. ते विचारतील, नकाशावरची ही खोटी सही कोणाची? तेव्हाही परवासारखंच सांग, माझ्या बाची.

तुझाच बा,
प्रेमदास